‘मिशन’, ‘पाचारण’ आणि ‘साक्ष’ : खानदेशातील ख्रिस्ती जीवनाच्या परिभाषेचा एक विचार

एखाद्या धर्मसमाजाच्या श्रद्धा त्याच्या ग्रंथांतून जितक्या कळतात तितक्याच, किंबहुना काही बाबतींत अधिक स्पष्टपणे, त्याच्या नित्य बोलण्यातील शब्दांतून कळतात. ग्रंथातील सिद्धान्त थोड्यांच्या वाचनात येतो. शब्द सर्वांच्या तोंडी असतो, आणि तो ज्या अर्थाने तोंडी असतो त्या अर्थानेच सिद्धान्त आचरिला जातो. खानदेशातील, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार ह्या जिल्ह्यांतील, ख्रिस्ती समाजाच्या बाबतीत ह्याचा प्रत्यय विशेष येतो. प्रत्येक ख्रिस्ती व्यक्ती देवाने जगात पाठविलेली आहे आणि तिचे नित्याचे कामकाज हेच तिच्या ह्या कामगिरीचे क्षेत्र आहे, असा ख्रिस्ती धर्माचा एक मूलभूत विचार आहे. हा विचार खानदेशात कोणत्या शब्दांतून आला, त्या शब्दांनी त्यास कोठे वाव दिला व कोठे अडविले, आणि आज तो कोणत्या शब्दांच्या आधारे उभा राहू शकतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. ‘मिशन’ : स्थळवाचक झालेला शब्द

१९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग करण्यात आले. पूर्व खानदेशाचे ठाणे जळगाव येथे व पश्चिम खानदेशाचे धुळे येथे होते. पूर्वेकडे जळगाव, भुसावळ व चाळीसगाव ह्या भागांत ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स ह्या अमेरिकन संस्थेचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालू होते. पश्चिमेकडे, विशेषतः नंदुरबार व नवापूर ह्या भिल्ल, मावची व गावित लोकवस्तीच्या भागांत, स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन ह्या संस्थेने विसाव्या शतकाच्या आरंभी पाय रोवले. ही संस्था फ्रेडरिक फ्रान्सन ह्या स्वीडिश वंशाच्या धर्मोपदेशकाने १८९० मध्ये अमेरिकेत स्थापिली होती. १९४९ मध्ये तिने ‘दि इव्हॅन्जेलिकल अलायन्स मिशन’ असे नाव धारण केले. नवापूर तालुक्यातील चिंचपाडा येथील रुग्णालय हे तिच्या कार्याचे सर्वांत परिचित फळ होय. १९९८ मध्ये नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सर्व भाग धुळे जिल्ह्यातच मोडत असे.

ह्या संस्थांबरोबर ‘मिशन’ हा शब्द येथील बोलण्यात रुळला. मात्र तो रुळला तो एका विशिष्ट अर्थाने. ‘मिशनची शाळा’, ‘मिशनचा दवाखाना’, ‘मिशनात राहतो’, ‘मिशनात कामाला आहे’ ह्या प्रयोगांकडे पाहावे. येथे ‘मिशन’ला लागलेले प्रत्यय षष्ठीचे किंवा सप्तमीचे आहेत. अहिराणी बोलणाराही ‘मिशनना दवाखाना’ असेच म्हणतो. शब्दाचा अर्थ कामगिरी असा न राहता बंगला, आवार, वसतिगृह व दवाखाना असा झाला. जेथे जावयाचे, जेथून औषध वा शिक्षण मिळवावयाचे, असे ते एक ठिकाण होते. ‘माझे मिशन’ असा प्रयोग त्या काळच्या बोलण्यास मानवणारा नव्हता. अलीकडे शासकीय योजनांच्या नावांतून, उदाहरणार्थ २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘जल जीवन मिशन’मधून, मोहीम ह्या अर्थाने तो शब्द पुन्हा प्रचारात आला आहे, पण ती स्वतंत्र आयात आहे.

ज्या अर्थी मिशन हे ठिकाण होते, त्या अर्थी मिशनचे काम करणारे लोकही ठरलेले होते. सुवार्तिक गावोगाव जाऊन उपदेश करी, मास्तर शाळा चालवी, बायबलबाई घरोघर जाऊन स्त्रियांना शास्त्र वाचून दाखवी, आणि पाळक मंडळी सांभाळी. ह्या लोकांचे कष्ट थोर होते. तथापि त्यांच्या पदांमुळे एक सूक्ष्म विभागणी दृढ झाली. काही जण ‘कामावर’ होते, व बाकीचे त्या कामाचे लाभार्थी होते. शेतात राबणाऱ्या, रेल्वेत काम करणाऱ्या, घर चालविणाऱ्या ख्रिस्ती माणसास आपणही पाठविलेले आहोत असे वाटावे, ह्यास त्या शब्दात जागाच उरली नाही.

शब्दाच्या मुळाशी गेल्यास ही जागा पूर्वी होती असे दिसते. ‘मिशन’ हा इंग्रजीमार्फत आलेला शब्द ‘पाठविणे’ ह्या अर्थाच्या ‘मित्तेरे’ ह्या लॅटिन धातूपासून झाला आहे. त्याच धातूपासून कॅथलिक पंथीयांचा ‘मिस्सा’ हा शब्दही आला. लॅटिन उपासनेच्या शेवटी जमलेल्या लोकांस निरोप देण्याचे जे वचन म्हटले जाई, त्यातील एका शब्दावरून संपूर्ण उपासनेलाच ते नाव पडले. म्हणजे रविवारच्या उपासनेचे नाव तिच्या शेवटच्या क्षणावरून, लोकांना बाहेर पाठविण्याच्या क्रियेवरून, पडले आहे. ग्रीकमधील ज्या शब्दासाठी मराठी बायबलात ‘प्रेषित’ हा शब्द योजला आहे, त्याचाही अर्थ ‘पाठविलेला’ असाच आहे. ह्या तिन्ही शब्दांत गती आहे. खानदेशातील ‘मिशन’ने मात्र ठाण मांडले.

स्वातंत्र्योत्तर काळात ही गोष्ट केवळ शब्दशास्त्रापुरती राहिली नाही. परदेशी मिशनऱ्यांची संख्या क्रमाने घटत गेली, आणि संस्था भारतीय हातांत आल्या. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन ह्या भारतीय संस्थेकडे अनेक मिशन रुग्णालयांचा कारभार गेला. चिंचपाड्याचे रुग्णालयही आज तिच्याच परिवारात आहे. कॅथलिक पक्षी १९८७ मध्ये नाशिकचे धर्मप्रांत स्वतंत्र झाले व जळगाव, धुळे, नंदुरबार हा भाग त्यात आला. मिशन जर ठिकाण असेल, तर बंगल्याला कुलूप लागले म्हणजे मिशन संपले. मिशन जर ‘पाठविणे’ असेल, तर त्याचा संबंध बंगल्याशी नसून माणसाशी आहे. खानदेशातील ख्रिस्ती समाजापुढील प्रश्न नेमका हा आहे.

२. ‘पाचारण’ : कर्तृत्वाविना येणारी हाक

ह्या प्रश्नाच्या उत्तराची सामग्री मराठी बायबलाच्या परिभाषेतच आहे. विल्यम कॅरी ह्यांच्या श्रीरामपूर येथील छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला. पुढे मुंबईच्या अमेरिकन मिशनने १८२६ मध्ये नव्या कराराचे व १८४७ पर्यंत संपूर्ण बायबलाचे भाषांतर सिद्ध केले. ह्या भाषांतरांच्या परंपरेत स्थिर झालेला एक शब्द म्हणजे ‘पाचारण’. बोलावणे, साद घालणे ह्या अर्थाचे ‘पाचारणे’ हे क्रियापद जुन्या मराठीत आहे. आजच्या व्यवहारात ते मागे पडले असले तरी ख्रिस्ती मराठीने ते जतन केले आहे.

‘पाचारण’ ह्या शब्दाची वाक्यरचना लक्षात घेण्यासारखी आहे. ‘मी पाचारण केले’ असे ख्रिस्ती मनुष्य स्वतःविषयी म्हणत नाही. ‘मला पाचारण झाले’ असे म्हणतो. ही चतुर्थीची रचना मराठीत भूक लागणे, आठवण होणे, नोकरी लागणे अशा प्रसंगी येते. अनुभव घेणारा असतो, पण त्या घटनेचा कर्ता तो नसतो. म्हणजे पाचारण ही स्वतःची महत्त्वाकांक्षा नव्हे, ही गोष्ट व्याकरणानेच सांगून ठेवली आहे. बोलावणारा कोणी दुसरा आहे, आणि बोलावलेला आहे तेथेच ऐकतो.

पौलाने करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्रात हाच शब्द माणसाच्या सामाजिक व कौटुंबिक स्थितीच्या संदर्भात येतो. ह्या स्थळाला युरोपच्या इतिहासात फार महत्त्व प्राप्त झाले. मध्ययुगात ‘पाचारण’ हे मुख्यत्वे मठवासी व धर्मगुरू ह्यांचेच मानले जाई. सोळाव्या शतकात मार्टिन लूथर ह्याने जर्मन भाषांतर करताना ‘बेरूफ’ हा शब्द ईश्वरी हाक आणि माणसाचा नित्याचा धंदा ह्या दोन्ही अर्थांनी वापरला. चांभार, शेतकरी, घरची दासी ह्यांचे कामही हाकेस दिलेला प्रतिसाद होय, असा अर्थ त्या एका शब्दात बसला. माक्स वेबर ह्या समाजशास्त्रज्ञाने १९०४-०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रबंधात ह्याच शब्दाचे विवेचन केले, हे सुविदित आहे. पुढे १९५४ मध्ये इव्हॅन्स्टन येथे भरलेल्या जागतिक ख्रिस्तमंडळी परिषदेच्या अधिवेशनाने सामान्य ख्रिस्ती मनुष्य व त्याचा व्यवसाय हा एका स्वतंत्र विभागाचा विषय केला, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये सामान्य विश्वासणाऱ्यांच्या प्रेषितकार्याविषयी स्वतंत्र आदेशपत्र काढले. प्रॉटेस्टंट व कॅथलिक ह्या दोन्ही प्रवाहांत अधिकार थोड्यांच्या हातून सर्वांकडे सरकला.

महाराष्ट्रात ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांचे होय. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अनेक वर्षे अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये सेवा केली. १९१७ मध्ये ते मिशनच्या पगारी सेवेतून मुक्त झाले व त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस स्थान होते. पाचारण आणि पगार ह्यांची गाठ सुटू शकते, हे त्यांनी कृतीने दाखविले. लक्ष्मीबाई टिळक ह्यांची ‘स्मृतिचित्रे’ ह्याच्याही पुढे जातात. त्यांत सोवळेओवळे गळून पडणे, पोरक्या मुलांना घरात घेणे, चार माणसांच्या स्वयंपाकात आठांची सोय करणे अशा घरगुती व्यवहारांतून श्रद्धेचा अर्थ उलगडतो.

ही कल्पना मराठी मनास परकी वाटण्याचे कारण नाही. अरणच्या सावता माळ्यांनी आपल्या मळ्यातच विठ्ठल पाहिला, आणि जळगावच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) ह्यांनी जात्यावर व शेतात राबतानाच आपले तत्त्वज्ञान रचले. कामात देव पाहण्याची दृष्टी ह्या मातीतली आहे. ‘पाचारण’ त्यात एका गोष्टीची भर घालते. काम ही उपासना तर आहेच, शिवाय ती शेजाऱ्याकडे झालेली पाठवणी आहे. तिचे मोजमाप करणाऱ्याच्या समाधानावर न होता ज्याच्याकडे पाठविले त्याच्या हितावर होते.

३. ‘विश्वास’ आणि ‘कारभारी’ : बाजारातले दोन शब्द

पाचारण ही हाक झाली. तिला प्रतिसाद कसा द्यावयाचा हे आणखी दोन शब्द सांगतात. त्यांचे वैशिष्ट्य असे की ते देवळापेक्षा बाजारात अधिक ऐकू येतात.

मराठी ख्रिस्ती परिभाषेत देवावरील निष्ठेसाठी ‘श्रद्धा’पेक्षा ‘विश्वास’ हा शब्द प्रमुख झाला, आणि ख्रिस्ती मनुष्य ‘विश्वासणारा’ ठरला. ‘विश्वास’ हा व्यवहारातला शब्द आहे. जळगावच्या सराफ बाजारात सोने तोलले जाते ते विश्वासावर. रावेर-सावद्याकडे केळीचा सौदा होतो तोही बऱ्याच अंशी विश्वासावर. ह्या निवडीचा परिणाम अर्थदृष्ट्या दूरगामी आहे. ‘विश्वास ठेवणारा’ आणि ‘विश्वासू’ हे एकाच मुळाचे शब्द असल्यामुळे, जो देवावर विश्वास ठेवतो त्याच्यावर माणसांना विश्वास ठेवता आला पाहिजे, अशी अपेक्षा भाषाच निर्माण करते. काट्यात खोट ठेवणारा विश्वासणारा हा मराठीत केवळ नीतिदोष राहत नाही. तो शब्दाचाच विरोध होतो.

‘कारभारी’ ह्या शब्दाचेही असेच आहे. मालकाची मिळकत सांभाळणाऱ्या व तिचा हिशेब देणाऱ्या माणसासाठी मराठी बायबलात हा शब्द योजिला आहे. मराठेशाहीत राज्याचा व्यवहार पाहणारा तो कारभारी. ग्रामीण घरात घरधनी तो कारभारी. दोन्ही ठिकाणी अधिकार आहे, पण पहिल्यात तो उसना आहे हे स्पष्ट आहे. ख्रिस्ती परिभाषेने घरधन्याच्या अर्थातही हा उसनेपणा आणून ठेवला. घर, शेत, कौशल्य, वेळ ह्यांपैकी कशाचाही मनुष्य मालक नाही; हिशेब द्यावयाचा आहे. पीक हाती आल्यावर त्याचा पहिला वाटा उपासनेच्या ठिकाणी आणून ठेवण्याची व दशांश देण्याची चाल ह्याच जाणिवेवर उभी आहे. ह्या चालीचा अर्थ दहावा भाग देवाचा व नऊ भाग आपले असा घेतल्यास तो उलटा होतो. दहावा भाग हा सर्वच्या सर्व देवाचे असल्याचा कबुलीजबाब होय.

ह्यावरून नित्याच्या कामातील कामगिरीचे पहिले लक्षण निश्चित होते. भुसावळच्या रेल्वे यार्डात रात्रपाळी करणारा कामगार, जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षिका, चिंचपाड्याच्या किंवा अन्य रुग्णालयातील परिचारिका ह्यांनी आपल्या कामास धार्मिक सजावट करण्याची गरज नाही. डबा नीट तपासणे, मागे पडलेल्या मुलास पुन्हा शिकविणे, क्षयाच्या रोग्यास औषधाचा संपूर्ण क्रम पुरा करावयास लावणे, हाच कारभार होय. नंदुरबार भागात कुपोषण, क्षय व सिकलसेल ह्या व्याधींचे ओझे किती आहे हे सर्वज्ञात आहे. तेथे रुग्णास ‘उद्या या’ असे न म्हणणारी परिचारिका उपदेशाचा एक शब्दही न उच्चारता आपले पाचारण पाळीत असते. मराठी रुग्णालयात कोणत्याही धर्माच्या परिचारिकेस ‘सिस्टर’ म्हणण्याची पद्धत आहे. धार्मिक भगिनीमंडळांशी नाते असलेला हा शब्द आता सर्वांचा झाला आहे, ही त्या सेवेची मूक पावतीच समजली पाहिजे.

४. ‘साक्ष’ : न्यायालयातून आलेली मर्यादा

तथापि ख्रिस्ती कामगिरी मूक सेवेत संपत नाही. ती बोलण्याचीही आहे. येथेच खरा पेच उत्पन्न होतो. मिशनविषयी ह्या देशात जो संशय व्यक्त होतो तो बोलण्याविषयीचा, म्हणजे धर्मांतराविषयीचा आहे. भारतीय संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्माचे आचरण व प्रसार ह्यांचे स्वातंत्र्य दिले आहे. मध्य प्रदेश व ओरिसा ह्या राज्यांच्या कायद्यांसंबंधी १९७७ मध्ये निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने असा अर्थ लावला की, प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे मांडणे. दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क त्यात येत नाही.

ह्या प्रश्नास ख्रिस्ती परिभाषेतील ‘साक्ष’ हा शब्द जे उत्तर देतो ते सहसा लक्षात घेतले जात नाही. प्रार्थनासभेत उभे राहून आपल्या आयुष्यातील देवाचा अनुभव सांगणे ह्यास ‘साक्ष देणे’ म्हणतात. शब्द न्यायालयातील आहे, आणि न्यायालयात साक्षीदाराची भूमिका नेमकी असते. त्याने स्वतः पाहिलेले तेवढेच सांगावयाचे असते. ऐकीव गोष्ट चालत नाही. तो कोणाचा वकील नसतो, म्हणून बाजू जिंकण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. तो न्यायाधीशही नसतो, म्हणून निकाल त्याच्या हाती नसतो. लाच घेऊन वा देऊन झालेली साक्ष ही साक्षच राहत नाही. तांदूळ, औषध किंवा शाळेतील प्रवेश ह्यांच्या बदल्यात मिळविलेला होकार हा ह्या न्यायाने ख्रिस्ती कामगिरीचा विजय नसून तिचा अवमान ठरतो. रुग्णावरील उपचार त्याच्या श्रद्धेवर अवलंबून ठेवता येत नाहीत, हे कायद्याच्या धाकापेक्षा ‘साक्ष’ ह्या शब्दाच्या अर्थानेच सिद्ध होते.

ह्या शब्दाला किंमतही आहे. ग्रीकमध्ये साक्षीदाराला ‘मार्तुस’ म्हणत. श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्यासही पुढे तेच नाव मिळाले. मराठीत ‘रक्तसाक्षी’ हा शब्द तोच प्रवास दाखवितो. नित्याच्या जीवनात एवढे मोल क्वचितच द्यावे लागते. परंतु लहान मोल रोज द्यावे लागते. साहेबाच्या सांगण्यावरून खोटी नोंद न करणाऱ्या कारकुनाची बढती अडते, तेव्हा तोही साक्षच देत असतो.

५. रविवारची भाषा व सोमवारची भाषा

येथवर ज्या शब्दांचा विचार केला ते सर्व प्रमाण मराठीतील आहेत, आणि खानदेशात ह्याच ठिकाणी एक अडचण आहे. ग्रियर्सन ह्यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीच्या नवव्या खंडात (१९०७) खानदेशी ही भिल्ल भाषांच्या लगत मांडली आहे. येथील शेतकरी घरी अहिराणी बोलतो, नवापूरकडील आदिवासी मावची वा गावित बोलतो. पण उपासना, गीते व शास्त्रवाचन ही दीर्घकाळ प्रामुख्याने प्रमाण मराठीत होत आली. परिणामी ‘पाचारण’ हा शब्द रविवारचा झाला, आणि सोमवारचे काम वेगळ्या भाषेत चालू राहिले. ज्या शब्दात माणूस भाकरी मागत नाही, बैलास हाकारीत नाही, मुलास रागावत नाही, तो शब्द त्याच्या कामाचा अर्थ सांगण्यास अपुरा पडतो.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) ह्यांना ही अडचण नेमकी उमगली होती. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रियांनाही समजेल अशा साध्या मराठीत बायबलाचे भाषांतर केले. ते १९२४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, मुक्तिसदनातच छापून निघाले. छपाईच्या कामात तेथील स्त्रियांचा हात होता. निराधार म्हणून आलेल्या स्त्रीने खिळे जुळवून शास्त्र छापावे, ह्यात भाषेचे व कामाचे ऐक्य एकदमच साधले गेले. अलीकडे अहिराणी व मावची ह्या बोलींतही नवा करार उपलब्ध झाला आहे. ह्या भाषांतरांचे मोल केवळ धर्मप्रसाराच्या दृष्टीने मोजणे अपुरे होईल. घरच्या बोलीत पाचारणास कोणता शब्द लाभतो, ह्यावर ते पाचारण चुलीपर्यंत व बांधापर्यंत पोहोचेल किंवा नाही हे ठरणार आहे.

हा प्रश्न ऊसतोडीच्या हंगामात अधिक तीव्र होतो. नंदुरबार व धुळे भागातील अनेक कुटुंबे दरवर्षी काही महिने गुजरातेत व पश्चिम महाराष्ट्रात स्थलांतर करतात. ह्या काळात गावचे देऊळ मागे राहते व पाळकही भेटत नाही. ठिकाण म्हणून असलेले मिशन येथे निरुपयोगी होते. फडावरच्या कोपीत शेजारच्या टोळीतील आजारी बाळंतिणीस पाणी भरून देणारी बाई मात्र जेथे जाईल तेथे आपली कामगिरी बरोबर नेते.

सारांश, खानदेशात ‘मिशन’ ह्या शब्दाने संस्था दिल्या व त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु नित्याच्या जीवनातील कामगिरीची जाणीव ज्या शब्दांनी टिकू शकते ते ‘पाचारण’, ‘विश्वास’, ‘कारभारी’ व ‘साक्ष’ हे होत. पहिला सांगतो की बोलावणारा दुसरा आहे. दुसरा सांगतो की निष्ठेची परीक्षा व्यवहारात होते. तिसरा सांगतो की हाती असलेले उसने आहे. चौथा सांगतो की पाहिले ते बोलावे आणि निकाल ऐकणाऱ्यावर सोडावा. ह्या चारही शब्दांतून अहंकारास व जुलमास आळा बसतो, ही गोष्ट ख्रिस्ती वाचकाइतकीच अन्य वाचकानेही ध्यानात घेण्यासारखी आहे. ह्या शब्दांना अहिराणीत व मावचीत कोणती रूपे मिळतात, आणि ती रूपे शेतात, यार्डात व रुग्णालयात कितपत वापरली जातात, ह्याचे क्षेत्रीय संशोधन होणे अगत्याचे आहे.